तीन डझन पेले

माय गेली तेव्हा चर्चमध्ये तिच्यावर पाऊण तास भाषणं झाली. एकनिष्ठ पत्नी, प्रेमळ माता, मंडळीची विश्वासू सेविका. जो उठला त्यानं हेच तीन मणी ओढले. पहिल्या बाकावर मी आठ महिन्यांची पोर मांडीवर घेऊन बसले होते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काय, हे मला त्या पाऊण तासात पुरतं कळलं.

ज्या बायका डोळ्यांना रुमाल लावून बसल्या होत्या, त्यांच्या घरची मढी मायनं बारा वर्षं धुतली होती. सासवा, नवरे, तान्ही लेकरं. मेलेल्या माणसाला आंघोळ घालायचं काम मंडळीतल्या बायकांनी करायचं, अशी आमच्यात रीत होती. त्या सकाळी मायला आंघोळ घालायला त्यांतली एकही आली नाही. एकीची कंबर धरली होती, एकीकडे नागपूरचे पाहुणे यायचे होते, बाकीच्यांनी निरोपसुद्धा पाठवला नाही. आमच्याकडे सरपणाची मोळी आणणारी एक गोंड म्हातारी होती. तिनं डोक्यावरची मोळी दारात टाकली आणि पदर खोचला. ती ख्रिस्ती नव्हती, तिला आमचं एक गीत येत नव्हतं. पाणी ओतताना ती तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होती. आम्ही दोघींनी मिळून मायला धुतलं.

म्हणून मी हे लिहिते आहे. ते तीन शब्द मायच्या अंगावर टाकून ती माणसं घरी जेवायला गेली, याची मला आजही शिसारी येते. या गोष्टीत मी स्वतः धुतल्या तांदळासारखी असते, तर हे लिहायला मला इतकी वर्षं लागली नसती.

आम्ही गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरात राहत होतो. बाबा लोको शेडमध्ये फिटर होते. मी आठेक वर्षांची असताना साहेब लोक गेले, आणि त्यांच्यामागून त्यांचे गोरे-अर्धगोरे ड्रायव्हर आणि गार्डही एकेक करून गेले. त्यांचं विटांचं छोटं चर्च आमच्या मंडळीच्या वाट्याला आलं. तोवर आमची उपासना शाळेच्या व्हरांड्यात होत असे. चर्च मिळालं म्हणून मंडळीनं केवढा जल्लोष केला! मिरवणूक काढली, पेढे वाटले. दार उघडलं तर आत वटवाघळं. बाकांवर, वेदीवर, बायबल ठेवायच्या चौरंगावर बोटभर लेंड्या साचलेल्या, आणि असा उग्र दर्प की पाळकसाहेब प्रार्थना बाहेरच उरकून मोकळे झाले. सगळ्यांनी नाकाला पदर आणि रुमाल लावले. मग सगळ्यांनी मायकडे पाहिलं.

तिनं खराटा घेतला. तो खराटा तिच्या हातून सुटला तो मरणाच्या खाटेवर.

दर शनिवारी ती चर्च झाडायची, खरवडायची, पुसायची. वेदीवरचं कापड आणून धुऊन, खळ देऊन परत न्यायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे प्रभूचं शरीर म्हणून पावाचा तुकडा आणि रक्त म्हणून मनुकांचा रस सगळ्यांनी वाटून घ्यायचा. त्यासाठी शुक्रवारी मनुका भिजत घालायच्या, शनिवारी उकळून, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. बेकरीतून आणलेल्या पावाच्या कडा कापून त्याचे तुकडे करायचे. हे सगळं बाबांचा डबा अकराच्या ठोक्याला गरम पोचवून, आम्हा भावंडांना खाऊ-पिऊ घालून. बाबा मंडळीच्या पंचांत होते. ते फार सुंदर प्रार्थना करत. त्यांची प्रार्थना लांब आणि हिंमत आखूड, हे मला फार उशिरा कळलं.

साहेब लोकांनी जाताना एक चांदीचा पेला मागे ठेवला होता. प्रभुभोजनाला तोच एक पेला सगळ्यांच्या हातून फिरे. मायचा सगळा जीव त्या पेल्यात होता. ते का, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

माय केशोरीकडच्या एका गावातली. गावाबाहेरच्या वस्तीतली. लहानपणी दुसऱ्यांच्या भाताच्या बांध्यांत रोपं लावायला, रोवणीला जायची. दुपारी तहान लागली की मालकीण धुऱ्यावर, उंच बांधावर उभी राहायची आणि वरून पाण्याची धार सोडायची. खाली हिनं ओंजळ धरायची. "अर्धं तोंडात जाय, अर्धं कोपरावरून गळून जाय," माय सांगायची. "तहान भागायच्या आंधी तिचा हात दुखून जाय." पुढे एक बायबल सांगणारी बाई गावात आली. तिच्या मातीच्या खोलीत मायचं पहिलं प्रभुभोजन झालं. एक कल्हई उडालेला पेला हातोहात फिरत आला, मायनं दुसऱ्या कुणाच्या तरी उष्ट्याला तोंड लावलं, आणि पुढे दिला. इथं येऊन ती दर वेळी थांबायची.

"माह्या मागून एका म्हाताऱ्यानं त्याले तोंड लावलं. पुसलं बी नाई त्यानं."

मायचा सगळा धर्म एवढाच. बाबांना बायबलातली पौलाची पत्रं तोंडपाठ होती. मायला नीट वाचता येत नव्हतं. आपल्यामागून कुणीतरी न पुसता प्यायलं, एवढ्यासाठी ती ख्रिस्ती झाली आणि मरेपर्यंत राहिली.

आता गोंदियाच्या मंडळीत पेला एकच होता हे खरं, पण त्याला रांग होती. पहिले मालगोदामाचे बडे बाबू आणि त्यांचं कुटुंब. ते तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, आणि मूळचे जमीनवाले, हे त्यांनी कधी कुणाला विसरू दिलं नाही. मग शाळेचे मास्तर, मग कंपाउंडर, मग शेडमधली माणसं, मग विडीच्या कारखान्यातल्या बायका. सगळ्यांत शेवटी माय. पेला घेऊन धुवायला तिलाच जायचं असतं म्हणून ती शेवटी, असं सगळे म्हणत. तळाचं उरलेलं ती पिऊन टाकायची, कारण प्रभूचं रक्त सांडून देता येत नाही. "शेवटचा घोट माहा असते," ती मोठ्या नवलाईनं सांगायची. मी लहान होते, मलाही तो मान वाटायचा. ती रांग कशाच्या क्रमानं लावली आहे हे कळलं त्या दिवशी मी देवळातल्या पुजाऱ्यांना हसणं सोडून दिलं.

चर्चच्या पायरीवर एक महारोगी बाई बसायची. बाप्तिस्मा झालेली होती. स्टेशनवर भीक मागायची आणि रविवारी येऊन पायरीवर बसायची, दाराच्या बाहेर. आत तिला कुणी 'येऊ नको' म्हटलं नव्हतं. तसं म्हणावं लागत नसे. प्रभुभोजनाला पावाचा तुकडा तिला बाहेर नेऊन द्यायचा. रस मात्र तिच्या पत्र्याच्या डब्यात वरून ओतायचा, डब्याला पेला लागू न देता. असं पंचांनी ठरवलं होतं. आणि ओतायचं कुणी? मायनं.

दोन वर्षं मायनं ते केलं. ती पायरीवर उभी राहायची, पेला उंच धरायची आणि धार सोडायची. मी पाहिलं आहे. त्या बाईचे दोन्ही पंजे डब्याभोवती, बोटं झडून खुंट उरलेले, डबा हलायचा आणि रस पायरीवर सांडायचा. मायचा चेहरा त्या वेळी दगडी व्हायचा. घरी आल्यावर ती आमच्यावर उगीच खेकसायची. एकदा तिनं बाबांना विचारलं, "अवो, हे बराबर होऊन राहिलं का?" बाबा म्हणाले, "पंचाईनं ठरवलं ना? मंग तुले कायले पाहिजे?" तिनं पुन्हा विचारलं नाही. मायला मी साध्वी म्हणणार नाही. तिलाही भीती होती, तिनंही वरून ओतलं.

मी बारा वर्षांची असताना, ऐन वैशाखात, ती बाई चर्चच्या मागच्या पडवीत मेली. दुपार होईतो वास सुटला. पंच आले, लांब लिंबाखाली उभे राहिले आणि म्युनिसिपालटीची गाडी बोलवायची की कसं, याची चर्चा करू लागले. बाईला आंघोळ घालायचा विषय कुणी काढला नाही. माय क्वार्टरातून आली, तिच्या हातात बादली होती.

"ते आपल्या मंडळीतली हाय. आंग धुतल्याबिगर मातीत नाई जात."

"देखो, जिद मत करो," बडे बाबू म्हणाले. मायनं ऐकलं नाही. पाणी भरून द्यायला तिनं मला घेतलं. कडुलिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी मी नेऊन ठेवत होते आणि तिसऱ्या खेपेला मी भिंतीशी जाऊन ओकले. माश्या, पू, चिंध्यांना चिकटलेली कातडी. माय त्या चिंध्या भिजवून, सोडवून काढत होती. बोटांच्या खुंटांमधली माती ती ओल्या फडक्यानं एकेक करून पुसत होती, आणि हळू आवाजात तिला काहीतरी सांगत होती. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ती माफी मागत होती. "वरून ओतलं वो बाई मी. वरून ओतलं."

मग मायनं तिला स्वतःचं एक पांढरं लुगडं नेसवलं. पुरायला पाळकसाहेब, बाबा आणि माय, एवढेच होते.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या क्वार्टरात पंचांची बैठक झाली. दर वेळी बैठक आमच्याकडेच व्हायची, कारण चहा आणि पोहे फुकटात मिळत. मायनं चहा केला, मी ट्रे घेऊन गेले. पाच कप ठेवले. बडे बाबूंनी कपाकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

"देखिए, बात साफ है. लोक घाबरून राहिले. एकच पेला, आणि तो कुणाच्या तोंडचा कुणाच्या तोंडाला! आजकल साहेबांच्या देशातही छोटे छोटे ग्लास चालतात. आरोग्याचा प्रश्न आहे."

"आरोग्याचाच," मास्तर म्हणाले.

मायचं नाव कुणी काढलं नाही. एवढी सभ्यता त्यांच्यात होती. पाळकसाहेबांनी विचारलं, "सगळ्यांची संमती?" सगळ्यांत आधी बाबांचा हात वर गेला. आधी, हे मला विसरता येत नाही. कुणी त्यांच्याकडे बघण्याआधी त्यांनी उरकून टाकलं.

बैठक उठली. पाचही कप भरलेले, वर साय धरलेली. बाबांचासुद्धा. मी ते मोरीत ओतले.

"चहा काऊन नाई घेतला?" मायनं विचारलं.

"उन्हाळा हाय," बाबा म्हणाले.

पुढच्या महिन्यात नागपूरहून लाकडी खोकं आलं. आत तणसात गुंडाळलेले तीन डझन छोटे काचेचे पेले, आणि ते ठेवायला भोकं पाडलेली लाकडी तबकं. पुढे मोठेपणी मी तसेच पेले दारूच्या दुकानात मांडलेले पाहिले आणि रस्त्यात उभी राहून हसले. पण तेव्हा मंडळीत कोण कौतुक! बडे बाबूंच्या बाई म्हणाल्या, "आता कसं, ज्याचं त्याचं." प्रत्येकानं आपापला पेला उचलला, डोळे मिटले, आणि एक घोट घेतला. चांदीचा पेला चर्चच्या कपाटात गेला.

उपासना संपली, माणसं पांगली, आणि तीन डझन उष्टे पेले टोपलीत भरून माय आमच्या घरी घेऊन आली.

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? जिच्या हातांची किळस आली म्हणून ज्यांनी पिढ्यान्पिढ्यांची रीत मोडली, त्यांनी नवे पेले धुवायला दिले कुणाला? तिलाच. एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांच्या लेखी पेले आपोआप धुतले जात, जसं चर्च आपोआप झाडलं जाई आणि मढी आपोआप स्वच्छ होत. पुढची सात-आठ वर्षं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, ती माणसं तिच्या हातून धुतलेल्या काचेला ओठ लावत राहिली आणि आपण वाचलो असं समजत राहिली. अक्कल गहाण टाकावी तरी किती!

ती ते पेले राखेनं घासायची, ऊन पाण्यातून काढायची आणि खाटेवर स्वच्छ धोतर पसरून त्यावर पालथे मांडायची. एकही फुटू दिला नाही. त्याच वेळी कपाटातला चांदीचा पेलाही घरी आणायची, चिंच लावून उजळायची आणि परत नेऊन ठेवायची. कुणी वापरत नव्हतं तरीही.

मायनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. बाबांकडे लुगडं मागितलं नाही, आमच्याकडून मदत मागितली नाही. या वेळी तिनं मागितलं. नवे, तरुण पाळक आले होते, त्यांच्यासमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, वर्षातून एकदा, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री, तो एक पेला सगळ्यांत फिरवा. बाकीचे महिने काचेचे राहू द्या. पाळक म्हणाले, "पंचांपुढे ठेवतो." त्यांनी ठेवलं की नाही देव जाणे. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी. दर वर्षी चाळीस दिवसांच्या उपासाचा काळ लागला की मायचा चेहरा आशेनं उजळायचा आणि त्या गुरुवारी संध्याकाळी पुन्हा तबकं निघायची. तबकाकडे पाहून ती मान खाली घालायची आणि काचेतलं पिऊन टाकायची. मला ते बघवत नसे. तिची ती आशा बघून मला तिचाच राग यायचा.

सोळा-सतरा वर्षांची झाले होते, जिभेला हाड नव्हतं. असाच एक गुरुवार होऊन गेला होता. शनिवारी ती पेले पुसत बसली होती. मी म्हटलं, "कायले धुऊन राहिली? तुह्यामुळंच बंद झाला तो पेला. तू त्या बाईले आंघोळ घातली म्हून. तुह्या हाताची घाण वाटते त्यायले. आन बाबानंच हात वर केला, सगळ्याच्या आंधी."

बोलले आणि वाट पाहिली. तिनं ते पेले भिंतीवर फोडावेत, खराटा चर्चच्या दारात नेऊन टाकावा, बाबांना दोन शब्द सुनवावेत, असं मला जिवापाड वाटत होतं. तिनं हातातला पेला उजेडात धरून पाहिला.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "कवाडाच्या फटीतून दिसते सारं."

"मंग?"

"मंग काय? बिनधुतल्या पेल्यात ओतू का प्रभूचं रगत?"

"आन बाबा?"

"त्यायले नोकरी करा लागते त्या लोकायच्या संगं," ती म्हणाली आणि पुढचा पेला उचलला.

यालाच ते एकनिष्ठ पत्नी म्हणतात. मी त्या दिवशी जेवले नाही. मला त्या पंचांची किळस आली, बाबांची आली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मायचीच आली. इतकं कळूनही जी बाई अशा माणसांना धुऊन-पुसून स्वच्छ ठेवते, ती त्यांना घाण करायला मोकळीकच देते, असं मला तेव्हा वाटलं. आजही बरंचसं तसंच वाटतं. मी ठरवलं की आपण अशा होणार नाही, आणि बालाघाटच्या एका शाळामास्तराशी लग्न करून अरुंद रुळांच्या लहान लाइनच्या गाडीनं निघून गेले.

मुलगी झाली त्याच वर्षी बाबांचं पत्र आलं. मायला क्षय झाला होता. मी आले तेव्हा तिला मागच्या पडवीत खाट टाकून दिली होती. तिची ताटली वेगळी, तांब्या वेगळा, थुंकायचं मडकं वेगळं. रेल्वेच्या डॉक्टरनं तसंच सांगितलं होतं, त्यात कुणाचा दोष नाही. चर्चमध्ये जाऊन मी पाहिलं तर बाकांवर पुन्हा लेंड्या होत्या. मायच्या आजाराला पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत मंडळीतल्या एका माणसाला खराटा सापडला नव्हता. काचेचे पेले कोण धुतं विचारलं तर पाळक ओशाळून म्हणाले की सध्या प्रभुभोजन बंदच आहे.

ते पाळक वाईट नव्हते. मऊ होते. मायला घरी प्रभुभोजन द्यायला येतो म्हणाले, तेव्हा मायनं मला जवळ बोलावलं. बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"त्यायले सांग, काचेचं नको. कपाटातला आना म्हना. आन आज मी शेवटी नाई पीत. पाळकसाहेब आंधी, मंग मी. मंग तू. माह्या मागून तू."

मी हो म्हटलं. केवढ्या सहज म्हटलं! वर म्हटलं, "त्यात काय, माय."

एका दुपारी पाळक आले. बाबा शेडमध्ये होते. मुलगी माझ्या मांडीवर होती, अंगावर पीत होती. मायला मी उशीला टेकून बसवलं, केस विंचरले. चांदीचा पेला पाच महिन्यांत काळवंडला होता, आणि तो पाहताच मायनं नापसंतीनं जीभ टाळूला लावली. पाळकांनी वचन वाचलं. ते प्यायले. मग त्यांनी पेला मायच्या ओठांना लावला. तिनं दोन्ही हातांनी तो धरला आणि घोट घेतला. तिला ठसका लागला, तो तिनं पदरात दाबला. पेल्याच्या कडेवर ओलं काहीतरी चमकत होतं. मग तिनं तो स्वतःच्या हातानं माझ्यापुढे केला.

तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी सांगू शकत नाही. तेवढ्यासाठी ती केशोरीहून चालत आली होती.

मी पेला घेतला. तोंडाजवळ नेला. डोळे मिटले, मान थोडी मागे केली, आणि ओठ घट्ट मिटून ठेवले. काच असती तर आरपार दिसलं असतं. चांदी होती म्हणून वाटलं, निभावलं. खाली आणताना पदराच्या टोकानं मी कडही पुसली. कधी पुसली ते मला कळलंसुद्धा नाही. पाळक खाली पुस्तकात पाहत होते.

माय माझ्याकडेच पाहत होती.

डॉक्टर म्हणतील मी शहाणपणा केला, अंगावर पिणारं पोर होतं. ते मला सांगू नका. तेव्हा माझ्या मनात पोर नव्हतं. मनात त्या कडेवरचा ओलावा होता, दुसरं काही नव्हतं.

तिनं हात पुढे केला आणि पेला माझ्याकडून परत घेतला. आत पाहिलं. उरलेलं सगळं हळूहळू, थांबत थांबत पिऊन टाकलं.

"लेकरू हाय तुह्यापाशी," ती म्हणाली. "बराबर केलं."

तोच आवाज होता. 'त्यायले नोकरी करा लागते' म्हणाली होती, तोच. मला तिनं त्या सगळ्यांच्या रांगेत बसवलं आणि त्यांच्यासारखंच माफ करून टाकलं.

पाळक गेले. पेला मी परसात नेला. राखेनं घासला, ऊन पाण्यातून काढला, फडक्यानं कोरडा केला. मग साबणाची वडी घेतली आणि माझे हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा.